विचारून जाणाऱ्यालाही एक वाट द्या

प्रति,
मराठवाड्यातल्या जंगलांचा कारभार पाहणारे सर्व वनाधिकारी,
आणि जंगलात गाड्या नेणारे माझे सोबती.

सप्रेम नमस्कार.

यंदा जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी पावणेनऊला आमच्या दोन गाड्या जंगलाच्या हद्दीवर एका चरापाशी थांबल्या. चर जेसीबीनं खणलेला, कमरेइतका खोल, वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. काढलेली माती अजून ओली होती, म्हणजे खणून दोन दिवसही झाले नसावेत. या वाटेनं जाऊ का, असं मी दोन महिने विचारत होतो. त्यासाठी चार हेलपाटे घातले. शेवटच्या हेलपाट्याला "जा, काही हरकत नाही" असं तोंडी उत्तर मिळालं. कागद मागितला तर म्हणाले, कागदाची काय गरज आहे.

कुठलं कार्यालय, कुठलं परिक्षेत्र, कुठला तांडा हे इथं लिहीत नाही. तिथला माणूस बदलला तरी उद्या हेच घडेल, आणि शेजारच्या जिल्ह्यातही हेच घडतं असं ओळखीचे लोक सांगतात. म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहितो आहे.

आधी माझं नातं सांगतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या एका तालुक्याच्या गावी मी गॅरेज चालवतो. माझे वडील वनखात्यात रोजंदारीवर होते. माघ लागला की ते आणि त्यांच्याबरोबरचे वीस-बावीस जण जाळरेषा काढायला जायचे. गवत कापायचं, पट्टा मोकळा करायचा, मग वारा पडलेला असताना तो पट्टा जपून जाळायचा. वणवा लागलाच तर पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायचा. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन त्याच वाटांनी चालत जायचो. धावडा कुठला, सालई कुठली, बिब्याला हात का लावायचा नाही, हे सगळं तिथंच शिकलो. आज वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघ्यानं चालवत नाही. त्यांना ती वाट एकदा गाडीत बसवून दाखवावी आणि नववीतल्या माझ्या मुलीनं आजोबांच्या तोंडून ती ऐकावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. त्या सकाळी चरापाशी गाडीतून उतरून वडील मातीच्या ढिगाकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "ही वाट आम्ही मोकळी ठेवायचो. आग लागली तर माणसं पोचली पाहिजेत म्हणून." मग ते परत गाडीत जाऊन बसले.

गाडीत पाणी, शिधा, मुक्कामाचं सामान घेऊन कच्च्या वाटांनी सावकाश जायचं, या आमच्या प्रवासाला आता ओव्हरलँडिंग म्हणतात. शब्द ऑस्ट्रेलियाकडचा. तिथले गुराखी जनावरांचे कळप महिनोन्‌महिने हाकत दूरच्या बाजाराला न्यायचे, त्यावरून तो आला. पण ही रीत आपल्याला परकी नाही. लमाणांच्या लदेणीचे बैल धान्य आणि मीठ वाहत याच घाटांतून चढले-उतरलेले आहेत. जिथं पाणी आणि चारा दिसला तिथं तांडा पडायचा. त्याच्याही आधी पैठणहून भडोचकडे जाणारा व्यापाराचा मार्ग या डोंगरांतून होता. पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका खांबावर कोरलेलं आहे की पैठणच्या, गंधाचा व्यापार करणाऱ्या कुळातल्या मितदेवानं हा खांब दान दिला. त्याला दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोटला. सोबत पाणी, शिधा, मुक्कामाचं सामान घेऊन वाटेनं जाणारा माणूस या डोंगराला नवा नाही.

तुमच्या मनात "गाडीवाले" म्हटलं की गाणी लावून, बाटल्या घेऊन आलेलं टोळकं येतं. का येतं ते मला चांगलं कळतं. म्हणूनच आम्ही तयारी कशी केली होती ते सविस्तर सांगतो.

तीन दिवस, दोन मुक्काम, सगळं मिळून १४० किलोमीटर. डांबरी रस्त्यानं हे अंतर तीन तासांचं आहे. आम्ही ते तीन दिवसांत ठेवलं, कारण दगडी उतारावर गाडी ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वर न्यायचीच नाही असं ठरलं होतं. दोन गाड्या, दोन्ही फोर बाय फोर. एकटी गाडी न्यायची नाही हा पहिला नियम. माणसं सहा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरलं तर नव्वद लिटर पाणी लागतं, वर रेडिएटरसाठी आणि अडीअडचणीला वीस. एकशेदहा लिटर पाणी म्हणजे एकशेदहा किलो वजन. ते टपावर ठेवलं तर आडव्या उतारावर गाडी कलंडते, म्हणून ड्रम मागच्या सीटच्या पायाशी बांधले. पाणी घरून नेलं, कारण उन्हाळा जवळ आला की जंगलातला पाणवठा जनावरांचा असतो, आपण त्यातलं तांब्याभरही घेऊ नये. डिझेल नेहमीच्या दुप्पट धरलं. लो गिअरमध्ये गाडी तेवढं पिते. टायरची हवा दगडावर ३२ वरून २२ पर्यंत उतरवायची म्हणजे टायर दगडाला धरतो, वाट उकरत नाही. परत डांबरीला लागल्यावर भरायला छोटा कॉम्प्रेसर होता. गाडी फसलीच तर ओढायला पट्टा, शॅकल, फावडं आणि टायरखाली घालायच्या फळ्या. पट्टा चेसिसच्या हुकालाच लावायचा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. गॅरेजवाला म्हणून ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. लाकूड पेटवायचं नाही, वाळलेली काडीसुद्धा नाही. मुक्काम जंगलात नाही, तर हद्दीबाहेरच्या तांड्यात आणि पुढच्या गावच्या मोकळ्या खळ्यात; दोन्हीकडे आधी जाऊन तांड्याच्या प्रमुखांना, म्हणजे नायकांना, आणि गावच्या सरपंचांना विचारलं होतं. अंधार पडायच्या आत गाडी बंद. घोणस, फुरसं या डोंगरात आहे, म्हणून वाटेवरच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते आधीच विचारून ठेवलं. मोबाइलची रेंज कुठं जाते त्या जागा नकाशावर खुणावल्या आणि त्या नकाशाची एक प्रत घरी, एक तांड्यावर दिली. हीच सगळी माहिती माझ्या अर्जात होती. दोन गाड्यांचे क्रमांक, सहा जणांची नावं, तारखा, वाट, सगळं. त्या अर्जाची पोच मला आजवर मिळालेली नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी, विचारायचं कुठं हेच ठरलेलं नाही. अभयारण्य असेल तर खात्याच्या वन्यजीव विभागाकडे जा म्हणतात, साधं राखीव जंगल असेल तर प्रादेशिक विभागाकडे. वाट दोन्हीतून जात असेल, आणि आमच्याकडे ती जातेच, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. फॉर्म नाही, फी नाही, मुदत नाही. होकार तोंडी आणि नकारही तोंडी. तोंडी नकाराविरुद्ध माणूस अपील कुठं करणार?

दुसरी गोष्ट कायद्याची. "अभयारण्यात पर्यटनाला कायदाच परवानगी देत नाही" असं मला एका टेबलावर सांगितलं गेलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २८ मी वाचलं आहे. प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो याची यादी त्यात आहे; अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांच्या पंगतीला पर्यटन हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. परवाना द्यायचा की नाही हे तुमच्या हाती आहे, ते मान्य. नाकारायचा असेल तर कारण लिहून नाकारा. कायद्यात नाही असं सांगू नका.

तिसरी तक्रार चराची, आणि ती माझ्यापेक्षा तांड्याची जास्त आहे. आम्ही ज्या वाटेवर अडलो ती आमच्या हौसेसाठी काढलेली वाट नव्हे. जुन्या गावनकाशावर ती दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेली गाडीवाट आहे. तांड्यावरची माणसं बाजाराला, दवाखान्याला त्याच वाटेनं येतात. चर पडल्यावर ट्रॅक्टर थांबला, मोटारसायकली शेतातून फिरून जाऊ लागल्या. आम्ही उभे होतो तिथं आलेल्या बायकांनी सांगितलं की आदल्या दिवशी बाळंतपणाला निघालेल्या सुनेला बाजेवर घालून चर ओलांडावा लागला, पलीकडे जीप बोलावून ठेवली होती. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २५ प्रमाणे राखीव जंगलातली वाट बंद करता येते, पण त्याला आधी शासनाची किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि सोयीची पर्यायी वाट आधीच असावी लागते किंवा करून द्यावी लागते. मंजुरीचा कागद तांड्यावर कुणी पाहिलेला नाही. पर्यायी वाट म्हणजे कुणाच्या तरी हरभऱ्यातून जायचं का?

आणि चौथी गोष्ट. हे पत्र मुळात तिच्यासाठी आहे.

त्या शनिवारी आम्ही परत गेलो नाही. नायकांनी खळ्यात उतरायला सांगितलं, तिथंच तंबू टाकले. रात्री दहाच्या सुमाराला जंगलात उजेड दिसला. पांढरे, लांब फेकणारे दिवे, तीन गाड्या तरी असाव्यात, आणि गाण्याचा धप्‌धप् आवाज. चर चुकवून त्या पलीकडच्या शेतातून आत शिरल्या होत्या. पहाटे उजेड गेला. सकाळी तांड्यावरच्या दोन पोरांनी जिथं नेलं तिथं पाणवठ्यापासून चाळीस पावलांवर दगडांची चूल होती, राख अजून गरम होती, बाटल्या होत्या, पानं पडलेल्या सागाखाली वाळलेल्या गवताचा हातभर पट्टा जळून विझला होता. वाऱ्यानं साथ दिली असती तर काय झालं असतं ते माझ्या वडिलांना विचारा. त्यांनी ती राख पायानं पसरली, वर माती टाकली आणि गवतात हात फिरवून ऊब कुठं राहिली आहे का ते पाहत बसले. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत.

मी वनरक्षकाला कळवलं. तो तासाभरात मोटारसायकलवर आला. एकटा माणूस, आणि राखायचं नियतक्षेत्र, म्हणजे बीट, डोंगराएवढं. म्हणाला, "भौ, मी एकटा कुठं कुठं बघू?" त्याला मी काही बोलू शकलो नाही. माझ्या वडिलांच्या काळात त्याच पट्ट्यात वीस माणसं असायची.

साहेब, ज्यानं अर्ज दिला, गाडीचा नंबर दिला, नाव दिलं, तो चरापाशी अडला. ज्यांनी काहीच विचारलं नाही ते पाणवठ्यावर चूल पेटवून गेले. अशी बंदी फक्त विचारणाऱ्यावर चालते. चार-सहा जणांना असा अनुभव आला की पाचवा, सातवा विचारायलाच येत नाही. विचारणारे संपले की रात्रीच्या जंगलात काय चाललंय हे तुम्हाला सांगणारंही कुणी उरणार नाही.

तुमची काळजी मी खोटी मानत नाही. मराठवाड्यात जंगल मुळातच थोडं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झालं, ते सुमारे २६० चौरस किलोमीटर. येडशीचं रामलिंग घाट जेमतेम बावीस. एवढ्याशा तुकड्यांवरही वाघानं भरवसा ठेवला. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ गौताळ्यात पोचला. २०२४ च्या डिसेंबरात येडशीला वाघ दिसला. शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो आला तो रात्रीच्या अंधाराच्या आणि शांततेच्या भरवशावर. त्या रात्रीत आमचे दिवे नकोत, हे मी तुमच्या आधी म्हणेन. बुद्धपौर्णिमेला रात्रभर पाणवठ्यावर प्राणी पाहण्याच्या खात्याच्या उपक्रमात, निसर्गानुभवात, मी दोनदा मचाणावर बसलो आहे. दुसऱ्या वर्षी अस्वल पिलाला घेऊन पाण्यावर आलं आणि दूरच्या रस्त्यावर एक हॉर्न वाजला तसं पाणी न पिताच वळलं. ते पुन्हा आलं नाही, आम्ही सकाळपर्यंत वाट पाहिली.

आता माझ्या सोबत्यांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. खात्याला आपला राग येतो त्यात आपलाही वाटा आहे. आठ वर्षांपूर्वी श्रावणात मी स्वतः भिजलेल्या उतारावर गाडी घातली होती. चाकं हातभर रुतली, ओढून काढली, घरी आलो, फोटो दाखवले. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथं गेलो तर माझ्या चाकोऱ्यांतून पाणी धावून गुडघाभर ओघळ पडला होता. आपल्या डोंगरावर मुरमाचा थर पातळ, खाली काळा कातळ. वरची माती एकदा गेली की आपल्या हयातीत परत येत नाही. त्या ओघळात मी आणि माझ्या दोन पोरांनी दगड भरले, तीन रविवार लागले. तेव्हापासून पावसात आणि दिवाळीपर्यंत गाडी आत नाही. तुम्हीही नेऊ नका. वाट चिखलाची आहे म्हणून कडेनं नवी वाट पाडू नका. एकाची चाकोरी पडली की मागून येणारे दहा जण तिलाच वाट समजतात. शौचाला पाण्यापासून दोनशे फूट लांब जा आणि वीतभर खड्डा करून बुजवा. ड्रोन घरी ठेवा. जागेचं नाव आणि नकाशावरची खूण सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका. आणि विचारा. नाही म्हणाले तरी पुन्हा विचारा, पण लेखी विचारा.

वनाधिकाऱ्यांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत.

वाहनानं जंगलवाटेनं जाण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अर्जाचा एकच नमुना आणि एकच खिडकी ठेवा. वाट दोन विभागांतून जात असेल तर कागद तुम्ही आपसांत फिरवा, माणसाला फिरवू नका. अर्ज घेतला की पोच द्या आणि पंधरा दिवसांत होकार किंवा कारणासहित नकार लेखी द्या.

ज्या वाटांनी गाडी गेल्यानं नुकसान होत नाही अशा दोन-तीन वाटा तुम्हीच निवडा. अभयारण्याच्या आतल्या भागात आम्हाला नको, कडेच्या राखीव जंगलातल्या पुरेत. दिवाळीनंतर माती वाळली की उघडा आणि १५ फेब्रुवारीला बंद करा, कारण तिथून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम तुमचंच खातं मानतं. दिवसाला सहा गाड्यांच्या वर सोडू नका. सूर्यास्तानंतर एकही नको. आग, लाऊडस्पीकर, दारू यांवर बंदी, आणि अनामत ठेव घ्या. कचरा सापडला तर ती जप्त करा आणि त्या गाडीला पुन्हा परवाना देऊ नका. ही सगळी बंधनं आम्ही आजच मान्य करतो.

मुक्काम जंगलाबाहेर, गावात किंवा तांड्यावर, ग्रामसभेच्या संमतीनं. जागेचं भाडं गावाला. प्रत्येक गटाबरोबर गावातला एक वाटाड्या, त्याची मजुरी ठरलेली. त्या दिवशी पाणवठा दाखवणारी ती दोन पोरं सध्या ऊसतोडीला जातात. त्यांच्याइतकं ते जंगल मला माहीत नाही आणि बहुधा तुम्हालाही नसेल. राज्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं आणि साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. त्यातलं आमच्या डोंगराकडे अजून काही आलेलं मी पाहिलं नाही. येणार असेल तर ते आधी या पोरांपर्यंत यावं.

कलम २५ ची मंजुरी नसलेले चर बुजवा. गाड्या अडवायच्याच असतील तर लोखंडी फाटक बसवा, एक किल्ली वनरक्षकाकडे आणि एक तांड्याच्या नायकांकडे ठेवा. रुग्णाची गाडी रात्री दोन वाजताही गेली पाहिजे आणि वणव्याच्या वेळी पाण्याचा टँकरही.

आणि त्या वनरक्षकाला सोबत द्या. फार काही मागत नाही; हंगामात चार माणसं आणि एक गाडी. गाडी बिघडली तर माझ्या गॅरेजात आणा, मजुरी घेणार नाही.

तोच अर्ज नव्या तारखा घालून पुन्हा देतो आहे. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, दोन गाड्या, सहा माणसं. वडिलांचं नाव पहिलं लिहिलं आहे. या वेळी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
एका वनमजुराचा मुलगा